आधी कोण, मग कोण

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली सुरू झालेल्या 'मान्सून मिशन'साठी अमेरिकेतले सीएफएस हे प्रारूप घेतले आणि आपल्याकडच्या पावसासाठी त्यात बदल केले. हे प्रारूप फोर्ट्रानमध्ये लिहिलेले आहे. जगभरच्या विद्यापीठांत हवामानाच्या अभ्यासासाठी वापरले जाणारे डब्ल्यूआरएफ हे प्रारूपही फोर्ट्रानमध्येच आहे. समीकरणांचे संच सोडवणारी लॅपॅक ही लायब्ररी, जिच्या आधारावर पायथन आणि आर या भाषांतली कितीतरी आकडेमोड चालते, तीही फोर्ट्रानमधलीच. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी या भाषेचा पहिला कंपाइलर १९५७ साली लोकांच्या हाती दिला. तेव्हापासून ही भाषा सतत वापरात आहे, आणि तिचे ताजे प्रमाणीकरण २०२३ या वर्षाच्या नावाने ओळखले जाते.

हवामान, द्रवगतिकी किंवा क्वांटम रसायनशास्त्र शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या हाती एक दिवस फोर्ट्रानच्या शेकडो फायलींचे फोल्डर येते. त्यातली समीकरणे त्याने वर्गात पाहिलेली असतात. अडतो तो त्याच्याही आधी. हे सगळे एकत्र करून चालणारा प्रोग्रॅम तयार कसा करायचा, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. अभ्यासक्रमात त्याचा धडा नसतो, शोधनिबंधात त्याचा उल्लेख नसतो. ते ज्ञान बहुतेक ठिकाणी एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या डोक्यात किंवा त्याच्या टर्मिनलच्या जुन्या कमांडमध्ये असते. म्हणूनच या पुस्तकात बिल्ड टूलसाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले आहे.

आधी कामाचे स्वरूप पाहू. कंपाइलर एका वेळी एक फाइल वाचतो आणि तिचे यंत्रभाषेत रूपांतर करून 'ऑब्जेक्ट' फाइल तयार करतो. अशा सगळ्या ऑब्जेक्ट फायली आणि बाहेरच्या लायब्ररी लिंकर एकमेकांना जोडतो, तेव्हा प्रोग्रॅम तयार होतो. एकच फाइल असेल तर एका कमांडमध्ये काम संपते. पाचशे असतील तर कोणती फाइल कधी, कोणत्या पर्यायांसह कंपाइल करायची आणि एक बदलली तर कोणकोणत्या पुन्हा करायच्या, याचा हिशेब ठेवणारे कुणीतरी लागते. त्यालाच बिल्ड टूल म्हणतात.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे 'मेक'. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली लिहिले. त्यामागची हकिगत त्यांनीच पुढे सांगितली आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन वैतागून त्यांच्या खोलीत आले. एका प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात त्यांची सकाळ गेली होती, आणि चूक तर आधीच दुरुस्त झालेली होती. फक्त दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती, त्यामुळे जुनाच प्रोग्रॅम चालत होता. फेल्डमन यांच्याही आदल्या संध्याकाळचा काही वेळ अशाच फेऱ्यात गेला होता. त्यातून कल्पना निघाली ती अशी: कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे ते एकदा लिहून ठेवायचे. मग टूल दोन्हींच्या बदलाच्या वेळा ताडून पाहते आणि जेवढे शिळे झाले असेल तेवढेच नव्याने करते. याच फेल्डमन यांनी पुढे युनिक्सवरचा पहिला फोर्ट्रान ७७ कंपाइलर लिहिला, म्हणजे फोर्ट्रान आणि बिल्ड टूल यांचा घरोबा जुना आहे.

मात्र फोर्ट्रान ९० आले आणि मेकची सोपी कल्पना अपुरी पडू लागली. त्याचे कारण आहे मॉड्यूल, म्हणजे इतर फायलींना 'यूज' म्हणून वापरता येणारी मूल्ये आणि उपप्रोग्रॅम एकत्र ठेवणारा कप्पा. हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून एक छोटे उदाहरण घेऊन तो नीट पाहू.

समजा आपल्याकडे तीन फायली आहेत. 'स्थिरांक' या फाइलीत त्याच नावाचे मॉड्यूल आहे आणि त्यात ६.११२, १७.६७ आणि २४३.५ ही तीन अचल मूल्ये आहेत. 'बाष्प' या फाइलीतले मॉड्यूल ती मूल्ये वापरून दिलेल्या तापमानाला हवेतला संपृक्त बाष्पदाब किती असेल ते काढते. तापमान अंश सेल्सिअसमध्ये घ्यायचे, त्याला १७.६७ ने गुणायचे, तापमान अधिक २४३.५ या बेरजेने भागायचे, आलेल्या आकड्याचे घातांकी फल घ्यायचे आणि त्याला ६.११२ ने गुणायचे. तिसरी फाइल 'मुख्य'. ती बाष्पला ३० अंश तापमान देते आणि उत्तर छापते. उत्तर येते ४२.४६ हेक्टोपास्कल. बाष्पच्या सुरुवातीला 'यूज स्थिरांक' असे विधान आहे आणि मुख्यच्या सुरुवातीला 'यूज बाष्प'.

आता जीफोर्ट्रान या कंपाइलरला सांगा, फोल्डरमधल्या सगळ्या फायली घे आणि प्रोग्रॅम तयार कर. त्याला त्या अकारविल्हे मिळतात: बाष्प, मुख्य, स्थिरांक. बाष्प उघडताच त्याला 'यूज स्थिरांक' दिसते. स्थिरांक मॉड्यूलची माहिती असलेली मॉड फाइल तो शोधतो. ती फाइल अजून जन्माला आलेली नाही, कारण स्थिरांक कंपाइल झाल्यावरच ती तयार होते. एरर येते. मुख्यचेही तेच होते. शेवटी स्थिरांक कंपाइल होते आणि तिची मॉड फाइल फोल्डरमध्ये पडते, पण लिंकिंग होत नाही.

तीच कमांड पुन्हा दिली की सगळे सुरळीत पार पडते. स्थिरांकची मॉड फाइल आता हजर आहे, म्हणून बाष्प कंपाइल होते, तिची मॉड फाइल तयार होते, म्हणून मुख्यही होते. कोडमध्ये एका अक्षराचा बदल झालेला नसतो. पुष्कळ लोक इथे सुटकेचा श्वास टाकतात आणि 'दोनदा चालवा, मग होतं' असा सल्ला पुढच्याला देतात. हा सल्ला घातक आहे. त्या फोल्डरमध्ये मागच्या खेपेच्या मॉड फायली पडून असतात आणि त्या क्रमातली चूक झाकून ठेवतात. तोच कोड सहकाऱ्याच्या रिकाम्या फोल्डरमध्ये गेला की पहिल्याच फटक्यात अडकतो. मग 'माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य ऐकू येते.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. प्रयोगादाखल स्थिरांकमध्ये ६.११२ च्या जागी ७ लिहा. तेवढीच फाइल कंपाइल करा आणि जुन्या दोन ऑब्जेक्ट फायलींशी जोडा. उत्तर ४८.६२ यायला हवे. येते ४२.४६. अचल मूल्य मॉड फाइलीतून वाचून कंपाइलर ते बाष्पच्या यंत्रभाषेत थेट लिहून टाकतो. बाष्प पुन्हा कंपाइल केल्याशिवाय त्याला नव्या मूल्याचा पत्ता लागत नाही. एरर नाही, इशारा नाही, फक्त चुकीचे उत्तर. तीन फायलींत हे लगेच कळते. तीनशे फायलींच्या प्रारूपात ते नकाशावरच्या पावसात मिसळून जाते. बिल्ड टूल नीट लावणे ही वेळ वाचवण्याची सोय आहे असे बरेच जण मानतात. मला ती वैज्ञानिक उत्तराच्या खरेपणाची पहिली अट वाटते.

इथे सी भाषेशी तुलना केल्याशिवाय फोर्ट्रानची अडचण नेमकी कळत नाही. सीमध्येही एक फाइल दुसऱ्या फाइलीवर अवलंबून असते, पण ती हेडर फाइल असते आणि ती माणसाने आधीच लिहून ठेवलेली असते. त्यामुळे पहिल्या खेपेला सीच्या फायली कोणत्याही क्रमाने कंपाइल केल्या तरी चालते. कोणी कोणते हेडर वाचले याची यादी कंपाइलर काम करता करता लिहून देतो आणि ती पुढच्या खेपेला वापरता येते. फोर्ट्रानमध्ये ही सवलत नाही. मॉड फाइल कंपाइलरच तयार करतो, म्हणून पहिल्याच खेपेला क्रम बरोबर असावा लागतो. कणीक मळल्याशिवाय पोळी लाटता येत नाही, तसे हे आहे. त्यात भर म्हणजे मॉड्यूलचे नाव आणि फाइलीचे नाव यांचा काही संबंध असावा असा भाषेचा नियम नाही. 'बाष्प' नावाचे मॉड्यूल 'जुने_काम' नावाच्या फाइलीतही असू शकते आणि एका फाइलीत चार मॉड्यूलही असू शकतात. म्हणजे क्रम ठरवायचा तर प्रत्येक फाइल उघडून वाचणे भाग आहे.

मेकच्या काळात लोकांनी यावर आपापले उपाय काढले. काहींनी क्रम हाताने लिहिला, आणि नवे मॉड्यूल आले की तो बदलायला विसरले. काहींनी फायली वाचून क्रम लिहून देणारी छोटी टूल केली. 'मेकडेपएफ९०' हे त्यातले एक. प्रिन्स्टनच्या जीएफडीएल या हवामान प्रयोगशाळेत पर्लमध्ये लिहिलेले 'एमकेएमएफ' हे दुसरे. हाताने लिहिलेल्या क्रमाचा दोष बहुधा संगणकाला अनेक कोअर आल्यावर उघडा पडला. मेकला 'आठ फायली एकदम कंपाइल कर' म्हटले की जो क्रम नुसता यादीतल्या जागेमुळे पाळला जात होता तो मोडतो. बिल्ड कधी पार पडतो, कधी पडत नाही. असा लहरी बिल्ड दिसला की अवलंबनाची एखादी ओळ लिहायची राहिली आहे असे समजावे आणि ती शोधून काढावी. एकेकच फाइल कंपाइल करून वेळ मारून नेणे म्हणजे दुखणे अंगावर काढणे.

सीमेक या टूलने हे काम माणसाच्या हातून काढून घेतले. ते अमेरिकेतल्या किटवेअर या कंपनीत २००० च्या सुमारास सुरू झाले. वैद्यकीय प्रतिमांवर काम करणारी आयटीके ही लायब्ररी वेगवेगळ्या प्रकारच्या संगणकांवर उभी करता यावी म्हणून त्याची गरज पडली. तो प्रकल्प अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या पैशांवर चालला होता. सीमेक स्वतः काही कंपाइल करत नाही. आपण लिहिलेल्या सूचना वाचून ते मेकसाठी किंवा दुसऱ्या एखाद्या टूलसाठी फायली तयार करून देते. फोर्ट्रानच्या फायलींतली 'मॉड्यूल' आणि 'यूज' ही विधाने ते स्वतः वाचते आणि क्रम काढते. ती विधाने वाचणारा त्याच्यातला भाग मेकडेपएफ९० वरूनच घडवला आहे. एका माणसाने आपल्या गरजेपोटी केलेले छोटे टूल आज कितीतरी मोठ्या प्रकल्पांच्या पायात आहे.

आपल्या तीन फायलींसाठी सीमेकच्या सूचना तीन ओळींत बसतात. पहिल्या ओळीत सीमेकची किमान आवृत्ती. दुसरीत प्रकल्पाचे नाव आणि त्याची भाषा: फोर्ट्रान. तिसरीत तयार करायच्या प्रोग्रॅमचे नाव आणि तीन फायलींची नावे, कोणत्याही क्रमाने. यातली दुसरी ओळ नवख्यांना हटकून चकवते. भाषा लिहिली नाही तर सीमेक सी आणि सी++ गृहीत धरते. फोर्ट्रानच्या फायली मग त्याच्या लेखी कंपाइल करण्याजोग्या नसतातच, आणि लिंकरची भाषा ठरवता येत नाही अशा अर्थाची एरर येते. एररमध्ये फोर्ट्रानचे नावही नसते, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत बसतो. दुसऱ्या ओळीत एक शब्द वाढवला की प्रश्न मिटतो.

बिल्डसाठी नेहमी वेगळे फोल्डर करा. मूळ फायली एका जागी, तयार होणारा माल दुसऱ्या जागी. काही बिनसले तर दुसरे फोल्डर डोळे मिटून पुसता येते. कंपाइलर कोणता हे सांगण्यासाठी 'एफसी' नावाचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असते. सीमेक ते फक्त पहिल्यांदा वाचते, सापडलेला कंपाइलर आपल्या नोंदीत लिहून ठेवते आणि पुढे त्या नोंदीवरच चालते. नंतर एफसी कितीही बदलले तरी जुनाच कंपाइलर वापरला जातो. कंपाइलर बदलायचा असेल तर बिल्डचे फोल्डर पुसून नवे करणे हाच खात्रीचा मार्ग.

बिल्डचा प्रकार ठरवायलाही विसरू नका. मेकसाठी किंवा पुढे भेटणाऱ्या निंजा या बिल्ड टूलसाठी फायली बनवताना प्रकार सांगितला नाही तर सीमेक तो रिकामा ठेवते आणि कंपाइलरला वेगाचा कोणताही पर्याय देत नाही. गणित चालते, पण हळू. 'रिलीज' म्हटले की वेगाचे पर्याय लागतात. 'डिबग' म्हटले की चूक शोधायला उपयोगी पडणारी माहिती प्रोग्रॅममध्ये राहते. जीफोर्ट्रान वापरत असाल तर डिबगच्या वेळी ॲरेच्या मर्यादा तपासणारा 'एफचेक ऑल' हा पर्याय स्वतःहून जोडा. शंभर घरांच्या ॲरेचे एकशे एकावे घर वाचणारा प्रोग्रॅम एरवी गुपचूप पुढे जातो. या पर्यायामुळे तो जागीच थांबतो आणि ओळ क्रमांक सांगतो. उलट टोकाला, अंकगणिताचे नियम सैल करून वेग वाढवणारे 'फास्ट मॅथ'सारखे पर्याय दुसऱ्याच्या सूचनांतून आंधळेपणाने उचलू नका. बेरजांचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात, आणि लाखो वेळा पुढे सरकणाऱ्या प्रारूपात तो फरक वाढत जातो.

फायलींच्या नावांच्या शेपट्यांनाही अर्थ असतो. 'डॉट एफ' असेल तर बहुतेक कंपाइलर ती जुन्या, ठरावीक रकान्यांच्या लेखनाची फाइल मानतात. 'डॉट एफ९०' असेल तर मोकळ्या लेखनाची. शेपटीतला एफ रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरात असेल तर ती आधी प्रीप्रोसेसरमधून, म्हणजे अटींनुसार मजकूर ठेवणाऱ्या किंवा गाळणाऱ्या टप्प्यातून, जाते. जुन्या लेखनात पहिले पाच रकाने ओळीच्या क्रमांकासाठी, सहावा आधीची ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी आणि सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत विधान. पंचकार्डवर रकाने ऐंशी असत, पण आयबीएम ७०४ चा कार्डवाचक त्यातले बहात्तरच वाचायचा, कारण त्या यंत्राचा शब्द ३६ बिटांचा होता आणि दोन शब्दांत बहात्तर रकाने बसत. ती मर्यादा आजही जिवंत आहे. जुन्या लेखनाच्या फाइलीत एखादी ओळ त्र्याहत्तराव्या रकान्यात गेली तर पुढचा मजकूर वाचला जात नाही. व्हेरिएबलच्या नावाचे शेपूट तुटून नवेच नाव तयार होऊ शकते, आणि अघोषित नावे नाकारायला सांगणारे 'इम्प्लिसिट नन' हे विधान लिहिलेले नसेल तर कंपाइलर ते मुकाट्याने मान्य करतो. जुन्या कोडमध्ये अनाकलनीय शून्ये दिसली तर ओळींची लांबी आधी मोजा.

मग येतात बाहेरच्या लायब्ररी. हवामानाच्या कामात अशी लायब्ररी म्हणजे बहुधा आकडेवारीच्या फायली वाचणारी-लिहिणारी नेटसीडीएफ असते. तिच्या फोर्ट्रान भागाची स्वतःची मॉड फाइल असते, आणि तिथेच माणसे दिवसचे दिवस अडकून पडतात. मॉड फाइल कशी असावी याचे प्रमाणीकरण नाही. जीफोर्ट्रानने केलेली मॉड फाइल इंटेलच्या कंपाइलरला वाचता येत नाही, आणि इंटेलची जीफोर्ट्रानला. एकाच जीफोर्ट्रानच्या दूरच्या दोन आवृत्त्यांतही ती चालेलच असे नाही. जीफोर्ट्रानची अलीकडची मॉड फाइल प्रत्यक्षात जीझिपने दाबलेला मजकूर असतो. ती उलगडली तर पहिल्याच ओळीत मॉड्यूल स्वरूपाचा क्रमांक आणि मूळ फाइलीचे नाव स्पष्ट दिसते. लायब्ररी कोणत्या कंपाइलरने केली हा वाद पेटला की ही ओळ काढून पाहावी. यावरून निघणारा नियम कडक आहे: प्रोग्रॅम ज्या कंपाइलरने करायचा, फोर्ट्रानच्या मॉड्यूल देणाऱ्या सगळ्या लायब्ररी त्याच कंपाइलरने केलेल्या हव्यात. महासंगणकावर 'मॉड्यूल लोड' करताना (हे मॉड्यूल फोर्ट्रानचे नव्हे) कंपाइलरच्या नावाची जुळणी करायची ती यासाठीच. डब्ल्यूआरएफच्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये कंपाइलरांची क्रमांक लावलेली यादी समोर येते तेव्हा आपली नेटसीडीएफ ज्याने केली आहे तोच क्रमांक निवडायचा असतो.

मॉड फायली पडतात कुठे, हेही प्रत्येक कंपाइलरला वेगळ्या पर्यायाने सांगावे लागते. जीफोर्ट्रानचा पर्याय एक, इंटेलचा दुसरा, एनएजीचा तिसरा. सीमेकमध्ये मॉड्यूल डिरेक्टरीची एकच सेटिंग असते आणि कंपाइलरप्रमाणे योग्य पर्याय ते स्वतः लावते. एक सावधगिरी मात्र तुमची तुम्हीच घ्यायची. दोन फायलींत 'कॉन्स्टंट्स' या एकाच नावाची मॉड्यूल असतील आणि दोघींच्या मॉड फायली एकाच फोल्डरमध्ये पडत असतील तर नंतरची आधीचीला पुसून टाकते. मॉड्यूलच्या नावाआधी प्रकल्पाचे नाव जोडायची सवय लावा.

कंपाइलर अद्ययावत केल्यावर काल चालणारा कोड आज अडला, असेही घडते. जीफोर्ट्रान ज्या कंपाइलर-संचाचा भाग आहे त्या जीसीसीच्या २०२० साली आलेल्या १० या आवृत्तीने एक गोष्ट इशाऱ्यावरून एररवर आणली. एकच उपप्रोग्रॅम एका ठिकाणी पूर्णांक देऊन आणि दुसऱ्या ठिकाणी दशांश संख्या देऊन बोलावला असेल तर आता बिल्ड थांबतो. एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रक्रियांमध्ये निरोप पाठवणारी एमपीआय ही व्यवस्था वापरणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांत हे सर्रास असते, कारण निरोप पाठवणारा एकच उपप्रोग्रॅम सगळ्या प्रकारच्या आकड्यांसाठी वापरलेला असतो. एररचे पुन्हा इशारे करणारा पर्याय उपलब्ध आहे आणि जुना कोड उभा करायला तो वापरायला हरकत नाही. फक्त तो जिथे गरज आहे तेवढ्याच फायलींना लावा. सगळ्या प्रकल्पाला लावला तर खऱ्या चुकाही त्याच्या आड दडतात.

आता पुन्हा क्रमाच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याची पुढची कथा फारशी सांगितली जात नाही आणि ती सांगण्याजोगी आहे. क्रोम ब्राउझरच्या प्रचंड कोडसाठी गूगलमध्ये इव्हान मार्टिन यांनी निंजा नावाचे चपळ बिल्ड टूल लिहिले. त्याचा वेग येतो कुठून? कोण कोणावर अवलंबून आहे याचा संपूर्ण आराखडा त्याला सुरुवातीलाच तयार मिळतो आणि ते लगेच कामाला लागते. फोर्ट्रानच्या बाबतीत हे जमणारे नव्हते. काही फोर्ट्रान फायली बिल्ड चालू असतानाच दुसऱ्या प्रोग्रॅमकडून तयार होतात. काही प्रीप्रोसेसरमधून गेल्यावरच त्यांची 'यूज' विधाने ठरतात: एमपीआय हवे असेल तर एक मॉड्यूल, नको असेल तर दुसरे. म्हणजे आराखड्याचा काही भाग काम सुरू झाल्यावरच कळणार.

किटवेअरच्या लोकांनी यासाठी निंजाची स्वतःची शाखा तयार केली आणि २०१६ साली सीमेक ३.७ मध्ये त्या शाखेच्या आधाराने निंजावर फोर्ट्रान चालू लागले. पद्धत दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येक फाइल नुसती चाळायची आणि ती कोणती मॉड्यूल देते, कोणती मागते याची नोंद करायची. सगळ्या नोंदी एकत्र करून अवलंबनांची एक फाइल लिहायची. निंजा ती फाइल बिल्डच्या मध्येच वाचते, आपला आराखडा सुधारते आणि मग खऱ्या कंपाइलला लागते. २०२० च्या जानेवारीत निंजा १.१० मध्ये ही सोय मूळ निंजातच आली.

त्याच सुमारास सी++ भाषेच्या २०२० च्या प्रमाणीकरणात मॉड्यूल आले. सी++ च्या टूलकर्त्यांपुढे अचानक तोच प्रश्न उभा राहिला: नावावरून फाइल कळत नाही, पहिल्याच खेपेला क्रम हवा, आणि क्रम कळण्यासाठी फाइल वाचायला हवी. उत्तर तयार होते. आधी चाळा, नोंदी एकत्र करा, मग कंपाइल करा. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या सीमेक ३.२८ ने सी++ ची मॉड्यूल अधिकृतपणे पेलली, आणि निंजावर ती चालतात ती फोर्ट्रानसाठी केलेल्या त्याच व्यवस्थेवर. फोर्ट्रानला मागासलेली म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मॉड्यूलचा हा पेच तिने १९९० च्या दशकापासून अंगावर घेतला होता आणि तो सोडवण्याची रीत सी++ ला तिच्याकडून मिळाली.

सीमेक हा एकच मार्ग नाही. पायथनमधल्या सायपायने आपल्या फोर्ट्रान भागांसह २०२२ मध्ये मेसन हे टूल स्वीकारले. फोर्ट्रानच्या चाहत्यांनी २०२० पासून 'एफपीएम' नावाचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर उभा केला आहे. तो सुरुवातीला हॅस्केलमध्ये लिहिला होता, आता तो स्वतःच फोर्ट्रानमध्ये आहे. मॉड्यूलच्या फायली एका ठरावीक फोल्डरमध्ये, मुख्य प्रोग्रॅम दुसऱ्यात आणि चाचण्या तिसऱ्यात ठेवल्या की क्रम तो आपला आपण काढतो. फायलींची यादीही द्यावी लागत नाही. आज नव्याने फोर्ट्रान शिकणाऱ्याने एफपीएमपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. जुना, मोठा, सी आणि फोर्ट्रान मिसळलेला प्रकल्प हाती असेल तर सीमेक. आणि चालणारी मेक फाइल असेल, तिच्यात अवलंबने पूर्ण लिहिलेली असतील, तर नव्याच्या हौसेपोटी ती मोडू नये.

ज्यांच्याकडे असा कोड आहे त्यांना एक विनंती. उद्या तो रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवा. शक्य असेल तर दुसऱ्या संगणकावर, आठ फायली एकदम कंपाइल करण्याची मुभा देऊन बिल्ड चालवा. तो एका दमात पार पडला नाही तर जे कमी पडले ते तुमच्या डोक्यातून काढून बिल्डच्या फाइलीत लिहा, आणि ती फाइल कोडसोबत जपा. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात पावसाच्या गणिताला हात घालता येईल.